पोकळी आणि ठोकळा : कर्नाळ्याच्या पडझडीपासून मिरजेच्या तंबोऱ्यापर्यंत

१/
पनवेल सोडून गोव्याच्या वाटेला लागले की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. अंगठा उभा धरावा तसा बेसाल्टचा एकसंध दगड. दुरून तो पूर्ण भरीव वाटतो. गड चढून त्याच्या पायथ्याशी गेल्यावर मात्र दिसते की बुडाशी खडक कोरून पाण्याची टाकी आणि कोठारे केली आहेत. वर भरीव, खाली पोकळ. या धाग्यात पुढे जी वाद्ये येणार आहेत, त्यांच्या आतही भरीव आणि पोकळ यांचाच हिशेब आहे. तो हिशेब मांडणाऱ्या महाराष्ट्रातल्या कारागिरांची कथा सुरू होते ती अशाच गडांच्या शेवटापासून.

२/
कर्नाळ्याचे महत्त्व त्याच्या जागेत होते. कोकणातून बोरघाटाकडे जाणाऱ्या वाटेवर त्याची नजर असे. १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी तो मोगलांकडून घेतला. पुढे तो पुन्हा मोगलांकडे गेला आणि अठराव्या शतकात पेशव्यांकडे आला. १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने गड घेतला, तेव्हा तेथे अनंतराव फडके किल्लेदार होते. गडाजवळच्या शिरढोणला १८४५ मध्ये जन्मलेले वासुदेव बळवंत फडके हे त्यांचे नातू.

३/
गड पडला की किल्लेदाराचे नाव बखरीत आणि गॅझेटियरमध्ये राहते. पण गडांच्या आणि फौजांच्या जिवावर जगणारे शेकडो हात असत : लोहार, जिनगर, दारू कुटणारे, आणि शिकलगार. शिकलगार म्हणजे तलवारी, कट्यारी, भाले यांना धार आणि झिलई देणारा कारागीर. १८१८ नंतर एकामागून एक गड कंपनीकडे गेले, सरदारांच्या फौजा मोडल्या आणि या माणसांचे काम आटले. १८५७ च्या उठावानंतर सरकार हत्यारांकडे अधिकच संशयाने पाहू लागले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने तर परवान्यावाचून हत्यार बाळगणेच गुन्हा ठरवले. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, कर्नाळ्याच्या किल्लेदाराच्या नातवाने रामोशी साथीदारांसह बंड केले. ती हकीकत सर्वांना ठाऊक आहे. शिकलगारांचे काय झाले, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

४/
त्याचे एक उत्तर कृष्णाकाठच्या मिरजेत सापडते. कर्नाळा आणि मिरज यांचा थेट संबंध दाखवणारा कागद नाही आणि तसा दावाही येथे करायचा नाही. दोन्ही ठिकाणी बदल मात्र एकच घडला होता. मिरज हे आदिलशाहीपासूनचे लष्करी ठाणे, पुढे पटवर्धनांचे संस्थान. पेशवाई बुडाली तरी संस्थान टिकले. त्यामुळे तेथे एक चमत्कारिक परिस्थिती निर्माण झाली : लढाई संपली होती, पण दरबार उरला होता. दरबारात आता तलवारीपेक्षा गवई अधिक येत. गवई आले की त्यांची वाद्ये येत, आणि प्रवासात भोपळे फुटत.

५/
मिरजेतली परंपरा अशी की एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब आणि मोहिनुद्दीन या शिकलगार घराण्यातल्या भावांनी प्रथम अशी वाद्ये दुरुस्त करायला घेतली आणि मग नवी घडवायला सुरुवात केली. हळूहळू घराण्याचे आडनावच बदलले. शिकलगारांचे ‘सतारमेकर’ झाले. फारसी-अरबी मुळाचा शब्द जाऊन अर्धा इंग्रजी शब्द आला. एका कुटुंबाच्या आडनावात एवढा राजकीय इतिहास क्वचितच मावत असेल.

६/
धार लावणाऱ्याने वाद्य घडवावे, हे वरवर विचित्र वाटते. पण धार लावणे म्हणजे काय? पाते सरळ रेषेत घासून भागत नाही. त्याला एक अतिशय मंद वळण द्यावे लागते, आणि ते वळण डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळते. पुढे दिसेल की तंबोऱ्याचा प्राण ज्या भागात आहे, तेथेही नेमके हेच करावे लागते. हात तेच राहिले, फक्त पोलादाऐवजी हाड आणि शिंग आले.

७/
आता वाद्याच्या आत शिरू. ताणलेली तार एकटी असेल तर तिचा आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही. ती इतकी बारीक असते की हवेला नीट ढकलू शकत नाही. म्हणून तारेचे कंपन घोडीमार्फत एखाद्या रुंद पातळ फळीला द्यावे लागते आणि त्या फळीने हवा हलवावी लागते.

येथेच अडचण सुरू होते. तार छेडताना बोटाने दिलेली ऊर्जा ठरावीक असते. फळी हलकी आणि लवचीक असेल तर ती ऊर्जा पटकन ओढून घेते; आवाज मोठा होतो, पण लवकर विझतो. फळी जड आणि ताठ असेल तर ऊर्जा तारेतच बराच वेळ राहते. नाद लांबतो, पण मंद राहतो. मोठा आवाज आणि लांब आस दोन्ही पूर्णांशाने एकाच वेळी मिळत नाहीत. बँजो आणि सरोद यांच्या तबलीवर कातडे असते म्हणून ते ठणकन बोलतात आणि थांबतात. तंबोऱ्याला असे करून चालत नाही. एक तार विझण्याआधी दुसरी त्यात मिसळली पाहिजे, नाहीतर गायकाच्या पाठीमागे स्वरांची अखंड भिंत उभीच राहणार नाही.

८/
मिरजकरांनी हा तोल कसा साधला ते भागाभागाने पाहावे लागते. सुरुवात भोपळ्यापासून. हा भाजीचा भोपळा नव्हे. कडू जातीचा, जाड सालीचा. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर–मंगळवेढ्याच्या बाजूला भीमेकाठी तो पिकतो. वाळला की कारागीर तो कापतो, पाण्यात भिजवतो, आतला वाळका गर आणि बिया खरवडून काढतो आणि ओला असतानाच त्याचे तोंड आधार देऊन हवे तेवढे फाकवतो. सालीची जाडी निसर्गाने ठरवलेली असते आणि ती सर्वत्र सारखी नसते. म्हणून दोन भोपळे बाहेरून जुळे दिसले तरी टिचकी मारल्यावर वेगळे बोलतात. कारागीर भोपळा निवडतो तो डोळ्याने कमी आणि कानाने जास्त.

भोपळ्याची साल स्वतः फारशी गात नाही. तिचे काम आतली हवा कोंडून धरण्याचे. मोठी पोकळी खालच्या स्वरांना आधार देते. काळी एक पट्टीत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ७० हर्ट्झचा असतो. तेवढा खालचा स्वर लहानशा खोक्यातून बाहेर पडणे कठीणच. पुरुषी तंबोऱ्याचा भोपळा बायकी तंबोऱ्यापेक्षा मोठा का असतो, याचे उत्तर येथे आहे.

९/
भोपळ्याच्या तोंडावर बसते ती तबली, बहुधा तुणीच्या लाकडाची. खरा आवाज तिचा. तिला किंचित फुगीर आकार देतात, म्हणजे घोडीवरून येणारा तारांचा दाब ती कमानीसारखा पेलू शकते. तबली पातळ केली तर वाद्य उघडे, घुमारदार बोलते, पण कालांतराने ती दाबाखाली खचण्याचा धोका असतो. जाड ठेवली तर वाद्य वर्षानुवर्षे टिकते, पण कोंडल्यासारखे वाटते. हा फरक काही मिलिमीटरांच्या आतला आहे आणि लाकडाच्या प्रत्येक तुकड्याला तो वेगळा लागू होतो. म्हणून त्याचे कोष्टक होऊ शकत नाही. नव्या शिकाऊला वर्षे घालवावी लागतात ती याच ठिकाणी.

१०/
दांडीही आतून कोरून पोकळ केलेली असते. ती आणि भोपळा यांना जोडणारा गळा हा सगळ्यात नाजूक सांधा. तो ढिला असेल तर तारेची ऊर्जा सांध्यातच खर्ची पडते आणि स्वरही स्थिर राहत नाही. बाहेरून त्यावर नक्षी, पाने, वेलबुट्टी दिसते. गिऱ्हाईक नक्षी पाहते; गवई गळ्यावर हात ठेवून पाहतो.

११/
आणि मग जवारी. तंबोऱ्याची घोडी धारदार नसते, रुंद असते, आणि तिचा माथा अगदी मंद उताराचा असतो. कंपणारी तार त्या उतारावर क्षणोक्षणी टेकते आणि सुटते. तारेखाली सुताचा धागा सरकवून ती टेकण्याची नेमकी जागा शोधतात. या टेकण्यामुळे मूळ स्वराची ऊर्जा सतत वरच्या स्वरांशांमध्ये वाटली जाते. म्हणूनच नीट लागलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गांधार ऐकू येतो. तो खर्जाचा पाचवा स्वरांश असतो.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये वीणा आणि तंबोरा यांच्यावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. तोवर सर्वमान्य नियम असा होता की तार ज्या बिंदूवर छेडली जाते, तेथे ज्या स्वरांशाचा स्थिर बिंदू असेल तो स्वरांश आवाजातून गळतो. रामन यांनी दाखवले की तंबोऱ्यात तसे होत नाही. गळायला हवे ते स्वरांशही ठणठणीत ऐकू येतात, आणि त्याचे कारण घोडीच्या त्या रुंद माथ्यात आहे. युरोपच्या पुस्तकातला नियम चुकीचा नव्हता. तो धारदार घोडीच्या वाद्यांसाठी होता, एवढेच. घासून घासून तो माथा घडवणाऱ्यांपैकी कोणाला हा निबंध वाचायची गरज पडली नसेल.

१२/
मिरजेच्या कारागिरांना चांगले गिऱ्हाईक लाभले, हेही विसरता येत नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत होते. त्यांच्याकडे शिकून विष्णु दिगंबर पलुस्कर १८९६ मध्ये बाहेर पडले आणि १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. गाणे दरबारातून शाळेत गेले तसे तंबोऱ्याचे गिऱ्हाईकही वाढले. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले. त्यांचे कान विलक्षण तीक्ष्ण होते आणि वाद्ये ते स्वतः उघडून दुरुस्त करीत. श्रुतींचे मोजमाप करू पाहणाऱ्या सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनाही त्यांचे साहाय्य झाले होते; देवलांचे बावीस श्रुतींवरचे पुस्तक १९१० चे. असा माणूस गावात असला की कारागिराला आळशीपणा परवडत नाही. १९३७ मध्ये खाँसाहेब गेले. मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि तेथे दर वर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते.

१३/
हाच पोकळी-ठोकळ्याचा प्रश्न विसाव्या शतकात अमेरिकेत उलट्या बाजूने उभा राहिला. तेथली वाद्यवृंदातली गिटार पितळी वाद्यांच्या गदारोळात ऐकू येत नसे. १९३६ मध्ये गिब्सन कंपनीने ईएस-१५० ही विजेवर चालणारी गिटार आणली. तिच्या तारांखाली चुंबक आणि तारेचे वेटोळे, म्हणजे पिकअप, बसवलेला होता. पोलादी तार हलली की वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि ती ध्वनिवर्धकातून आवाज होऊन बाहेर पडते. चार्ली ख्रिश्चनने याच गिटारीवर जॅझमध्ये गिटारीला सॅक्सोफोनच्या बरोबरीने बसवले.

१४/
पण अंग अजून जुनेच होते : पूर्ण पोकळ. आवाज वाढवला की ध्वनिवर्धकातून आलेली लाट गिटारीच्या पातळ फळीला हलवी, फळी तारेला हलवी, पिकअप ती हालचाल पुन्हा ध्वनिवर्धकाकडे पाठवी. लग्नाच्या मांडवात माईक कर्ण्यासमोर आला की जी किंचाळी ऐकू येते, तिचीच ही बहीण. तिला फीडबॅक म्हणतात. जी पोकळी विजेशिवाय वाद्याची शक्ती होती, तीच विजेमुळे त्याची अडचण झाली.

१५/
लेस पॉल या वादकाने १९४० च्या सुमारास एक ओबडधोबड उत्तर शोधले. त्याने पाइनच्या चौरस ओंडक्यावर तारा आणि पिकअप बसवले. लोकांना ती गिटार वाटेना, म्हणून दोन्ही बाजूंना एका पोकळ गिटारीचे अर्धे अर्धे अंग चिकटवले. त्याचे नाव त्याने सरळ ‘लॉग’, म्हणजे ओंडका, ठेवले. १९५० पासून फेंडरच्या आणि १९५२ पासून गिब्सनच्या पूर्ण भरीव गिटारी बाजारात आल्या. फीडबॅक आटोक्यात आला, आस लांबली. जुन्या वादकांची तक्रार मात्र सुरू झाली : आवाजात हवा नाही.

१६/
१९५८ मध्ये टेड मॅकार्टी यांच्या हाताखाली, मिशिगनमधल्या कॅलमझूच्या कारखान्यात, गिब्सनने ईएस-३३५ काढली. बाहेरून ती पोकळ गिटारच दिसते. फुगीर पाठ-पोट आणि दोन बाजूंना इंग्रजी एफच्या आकाराची छिद्रे. आत मात्र मानेपासून बुडापर्यंत मेपलचा एक लांब ठोकळा जातो. त्याच्या दोन्ही बाजूंचे पंख तेवढे रिकामे. अंगाची फळी मेपल आणि पॉपलर यांच्या थरांची, दाबून फुगीर केलेली, ठोकळा सपाट. या दोहोंमधली फट भरायला स्प्रूसच्या खाचा पाडलेल्या पट्ट्या घातल्या, म्हणजे त्या वाकून फुगवट्याला चिकटून बसतात. लेस पॉलच्या थट्टेवारी ओंडक्याचे हे सभ्य, पॉलिश केलेले रूप म्हणावे लागेल.

घोडी आणि पिकअप ठोकळ्यावर आल्यामुळे तारेची ऊर्जा सहज निसटत नाही; आस भरीव गिटारीच्या जवळ जाते. पंखांची फळी थोडीशी हलत राहते आणि काही स्वरांशांची ऊर्जा शोषते, त्यामुळे आवाजाची धार किंचित मऊ होते. एक बारकावा मात्र लक्षात ठेवावा : पिकअप अंगाचा आवाज ऐकत नाही, तो तारच ऐकतो. अंगाचा परिणाम होतो तो तार कशी हलते आणि किती वेळ हलते यावर. तंबोऱ्यात अंगच श्रोत्याशी बोलते. हा दोन्ही वाद्यांतला मूलभूत भेद.

१७/
ठोकळ्यामुळे काय बदलते, याचा पुरावा त्याच कारखान्याने नकळत दिला. १९५९ मध्ये आलेली ईएस-३३० समोरून जवळजवळ ३३५ सारखीच दिसते, पण तिच्या आत ठोकळा नाही. पिकअपही वेगळ्या जातीचे आहेत, त्यामुळे तुलना अगदी निर्भेळ नाही. तरीही फरक लपत नाही. ३३० न जोडताही खोलीत ऐकू येते, चटकन बोलते, चटकन विझते आणि मोठ्या आवाजात लवकर किंचाळते. बीटल्सच्या हातात दिसणारी एपिफोन कसिनो ही तिचीच बहीण, तीही पूर्ण पोकळ. उलट टोकाला बी. बी. किंग. त्यांच्या नावाने १९८० मध्ये निघालेल्या ‘लुसिल’ गिटारीत ठोकळा तर होताच, शिवाय एफची छिद्रेही बुजवून टाकली होती, म्हणजे फीडबॅकला आणखी एक वाट बंद.

१८/
मिरज आणि कॅलमझू यांनी एकमेकांकडून काही घेतले असे मानायला आधार नाही. पण दोन्हीकडच्या कारागिरांनी प्रश्न एकाच जागी सोडवला : घोडीखाली. तेथे किती जडपणा ठेवायचा आणि आजूबाजूला किती रिकामे सोडायचे, यावर नादाचे आयुष्य ठरते. कॅलमझूच्या साच्यात ठोकळ्याचे माप एकदा ठरले की हजारो गिटारींना तेच लागले. मिरजेत भोपळा बदलला की माप बदलते, म्हणून तेथे साचा बनला नाही आणि कारखानाही झाला नाही. धंदा घराघरांत राहिला. त्याचा फायदा वाद्याला झाला, कारागिराच्या खिशाला तेवढा झाला नाही.

१९/
आज संकट वेगळ्या दिशेने आले आहे. १९८० नंतर इलेक्ट्रॉनिक तंबोरा घरोघरी गेला, मग तो मोबाइलमध्ये शिरला. त्यात पोकळी नाही, ठोकळा नाही, तबली नाही. रियाजाला तो पुरतो आणि रेल्वेच्या गर्दीत फुटत नाही, हे मान्य करायला हवे. पूर्वी जवारीसाठी सांबरशिंग वापरीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्याच्या जागी हाड, शिसवी लाकूड आणि प्लास्टिकसारखे पदार्थ आले, आणि जुन्या हातांना नवा पदार्थ घासायला शिकावे लागले. प्रवासासाठी भोपळ्याऐवजी चपट्या लाकडी अंगाच्या तंबोऱ्याही मिरजेतच होऊ लागल्या. त्यांची आस चांगली असते, खर्ज मात्र उथळ वाटतो. पोकळी आखडल्यावर दुसरे काय होणार?

२०/
२०२४ मध्ये मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळाले. आता दुसऱ्या गावच्या वाद्यावर मिरजेचे नाव लावता येणार नाही. नाव सुरक्षित झाले. पण तबली एकदा भोपळ्यावर चिकटली की आतले काम मानांकन देणाऱ्यालाही दिसत नाही आणि विकत घेणाऱ्यालाही. ते दिसते फक्त अपघाताने. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा एखादा तंबोरा फुटून दुरुस्तीला येतो, कारागीर तबली हलकेच उचलतो, आणि आत, जेथे आजवर कोणाची नजर पोचलेली नसते तेथे, आधीच्या पिढीच्या पटाशीचे एकेक घाव अजून ताजे असतात.